एका वितीपुरती लेन्स

पारसशेठनी काउंटरवरच्या साड्या बाजूला सारल्या, एक पांढरा टॉवेल अंथरला आणि पत्र्याचा डबा उघडला. आत सहा रशियन लेन्स होत्या.

"यातली एक न्या, ताई," ते म्हणाले. "काम झालं की आणून द्या, मग दुसरी न्या. भावाच्या वस्तू हायेत. तो सुरतला गेला, डबा हितंच राहिला."

शेठचा धाकटा भाऊ पूर्वी जुन्नरच्या या कापडदुकानाच्या माडीवर फोटो स्टुडिओ चालवायचा. मी डब्याबद्दल फक्त ऐकलं होतं. आता तो समोर होता आणि घोडेगावच्या एसटीला दीड तास होता. मला इतका आनंद झाला होता की मी नुसतं "हो" म्हणाले.

लेन्स हवी होती, कारण माझी नोकरी तिच्यावर अवलंबून होती. मी चोवीस वर्षांची होते. देवधर मॅडम आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्याच्या देवराईतल्या झाडांचा सर्व्हे करत होत्या आणि मी त्यांची फोटोग्राफर होते. पहिल्या खेपेचे दोन्ही रोल वाया गेले. सगळे फोटो एकतर काळे, नाहीतर हललेले. मॅडमनी प्रिंट्स टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या खेपेला हेच झालं, तर मी पुण्याहून प्रोफेशनल बोलावणार. राग मानू नकोस."

मी राग मानला नाही. चूक कुठे होती ते मला माहीत होतं. माझा कॅमेरा झेनिट, मामाने दिलेला. त्याची मूळ लेन्स कधीच हरवली होती. त्यावर मी एक साधी झूम लावायचे. प्रत्येक लेन्सवर एक आकडा असतो. तो जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं आणि तितका जास्त उजेड आत येतो. माझ्या झूमचा आकडा साडेचार होता. आहुप्याच्या राईत भर दुपारी बारा वाजता संध्याकाळ असते. साडेचारचं तिथे काही चालत नाही.

अशा वेळी फोटोग्राफर दोन गोष्टी करतो. फ्लॅश मारतो, नाहीतर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवतो. राईत दोन्ही बंद. राईची माहिती देणारे बुधाबाबा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "हितं भायेरचा उजेड लावायचा न्हाई. आन् जमिनीत काय रोवायचं न्हाई."

"रोवत नाही बाबा, नुसता टेकवते," मी ट्रायपॉड दाखवून म्हणाले होते.

त्यांनी ट्रायपॉडच्या पायांची लोखंडी टोकं बोटाने चाचपली. "मंग ही टोकं कशाला काढल्यात?"

ट्रायपॉड त्यांच्या पडवीत राहिला.

म्हणजे हातात कॅमेरा धरूनच फोटो काढायचे होते आणि त्यासाठी दोनच्या आसपास आकडा असलेली लेन्स हवी होती. अशा लेन्स नव्या घेणं मला शक्य नव्हतं. जुन्या रशियन लेन्स मात्र याच कामाच्या. ऑटो काही नाही, सगळं हाताने फिरवायचं. पण काच उत्तम.

मी एकेक उचलायला सुरुवात केली. जुनी लेन्स कशी बघायची, हे मी पुस्तकातून वाचून पाठ केलं होतं. आधी कानाशी धरून हलवायची, आत काही खुळखुळतंय का बघायला. मग काच उजेडाकडे धरायची. बारीक बुडबुडे दिसले तर घाबरायचं नाही, त्या काळच्या काचेत ते असायचेच. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, ती लेन्स बाजूला. मग लेन्सचं तोंड लहानमोठं करणारी आतली पाती बघायची. त्यांच्यावर तेल चमकत असेल तर पुढेमागे ती चिकटतात. शेवटी फोकसची रिंग फिरवायची. त्यातलं ग्रीस सुकलं असेल तर मनगट दुखतं.

पहिली तायर. एकशे तेहतीस मिलिमीटरची, दूरचं जवळ आणणारी, वजन दगडी वरवंट्याएवढं. हातात धरून फोटो काढणं अशक्य. दुसरी मीर, रुंद दृश्य घेणारी, पण आत बुरशी. तिसरी इंडस्टार, डबीच्या झाकणासारखी चपटी. मला ती फार आवडली, पण आकडा साडेतीन. चौथी मोठी ज्युपिटर, आकडा दोन, पण पात्यांवर तेल. पाचवी हेलिओस. आकडा दोन, काच स्वच्छ, अंगाने काळी, आणि रिंग इतकी घट्ट की दोन्ही हात लावावे लागले.

"साडी घ्यायला येणाऱ्या बाया बऱ्या," शेठ म्हणाले. "त्या निदान पसंत नाय म्हणून बोलतात तरी. तुमी नुसत्याच बघताय."

मी हसले. सहावी उचलली.

ती लहान ज्युपिटर होती. पन्नासची, आकडा दोन. चांदीसारखी पांढरी, मुठीत मावेल एवढी. तिच्यावर कोरलेल्या नंबरातले पहिले दोन आकडे ६२. या लेन्सवर ते बहुतेक वेळा बनवल्याचं वर्ष सांगतात. म्हणजे माझ्यापेक्षा कितीतरी मोठी, आणि अंगावर एक ओरखडा नाही. रिंग लोण्यासारखी फिरत होती. तिचे आटे माझ्या कॅमेऱ्याच्या आट्यांपेक्षा थोडे लहान होते, पण डब्यात एक पातळ जोड-रिंग होती. ती लावली आणि लेन्स कॅमेऱ्यावर चपखल बसली.

आता डोळा लावून बघायचं राहिलं. दुकानात लग्नसराईची गर्दी होती. शेजारी एक कुटुंब शालू बघत होतं. लोकांवर कॅमेरा रोखायला मला तेव्हा फार संकोच वाटायचा. शेठनाही "जरा तिकडे उभे राहा" म्हणणं जमेना. म्हणून मी कॅमेऱ्याला डोळा लावून काउंटरवर वाकले आणि जवळून टॉवेलकडे बघितलं.

टॉवेलचा एकेक धागा दिसत होता. धाग्यावरची लव दिसत होती. इतकं धारदार मी कधी बघितलंच नव्हतं.

"ही," मी म्हणाले.

"नक्की? भाऊ तर कायम ती काळीच वापरायचा."

"नाही, हीच."

एसटीत संपूर्ण रस्ता मी ती लेन्स मांडीवर धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही राईत शिरलो. पुढे बुधाबाबा, मग मॅडम, मागे मी. मे महिना होता, बाहेर ऊन तापलेलं, आत गारवा. मी पहिल्या मोठ्या झाडाकडे कॅमेरा उचलला आणि रिंग फिरवली.

झाड दिसेना. हिरवा लगदा दिसला. रिंग दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. तोच लगदा. लेन्स काढून पुसली, पुन्हा घट्ट लावली. मॅडमच्या पाठीकडे बघितलं. मॅडम म्हणजे एक निळा डाग.

मग हात समोर धरला. एक वीत अंतरावर तळहाताच्या रेषा लख्ख दिसल्या. त्या क्षणी मला कळलं. पुस्तकातलं ते पान मी वाचलं होतं आणि विसरले होते.

माझ्या झेनिटमध्ये लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असतो. आरशाला जागा लागते, म्हणून लेन्स फिल्मपासून लांब बसते. रशियात बिनआरशाचे छोटे कॅमेरेही होते. त्यांची लेन्स फिल्मच्या अगदी जवळ बसायची. ही ज्युपिटर त्या कॅमेऱ्यांची होती. जोड-रिंगमुळे ती माझ्या कॅमेऱ्यावर बसली खरी, पण दीड सेंटिमीटर पुढे. तेवढ्याने ती दूरचं बघायला मुकली. तिला फक्त एका वितीवरचं दिसत होतं, आणि मी तिची परीक्षा नेमकी तेवढ्याच अंतरावर घेतली होती.

झूम पुण्याला ठेवून आले होते. रोल एकच होता, छत्तीस फोटोंचा. मॅडम वही काढून नावं लिहीत होत्या. मी खाली वाकले आणि जे दिसत होतं ते बघायला लागले. खोडावरचं शेवाळ. त्यातल्या टाचणीएवढ्या छत्र्या. वेलीच्या सालीतून चाललेली मुंग्यांची रांग. मी घाबरलेली होते आणि तरी मला फार मजा येत होती. चोवीस फोटो कधी संपले, कळलंच नाही.

"अगं, इकडे ये," मॅडमनी हाक मारली. "या हिरड्याशेजारी बाबांना उभं करून एक घे. उंचीचा अंदाज यायला."

बुधाबाबा टोपी सरळ करून झाडाला टेकून उभे राहिले. मी कॅमेरा डोळ्याला लावला. एक फोटो काढला. मग कॅमेरा खाली घेतला.

"मॅडम, हा येणार नाही. मी चुकीची लेन्स आणली. हिला लांबचं दिसत नाही."

"लांबचं म्हणजे किती लांबचं?"

"एका वितीच्या पुढचं."

मॅडमनी चष्मा काढला आणि पुसत राहिल्या. त्यांचं ओरडणं बरं असतं. हे पुसणं वाईट.

बुधाबाबा मात्र हसायला लागले. "मला जवळचं दिसत न्हाई, हिला लांबचं दिसत न्हाई. आमचं दोघांचं मिळून एक मानूस व्हतंय की!" मग हात कपाळावर आडवा धरून त्यांनी राईत पार आत नजर टाकली. "मंग माझ्या वाटणीचं मी बघतो. त्ये बघा, वळवाच्या वाऱ्यानं फांदी पडलीया. तिच्यावर काय तरी फुलल्यालं हाय."

आम्हाला काहीच दिसत नव्हतं. चाळीसेक पावलं चालल्यावर दिसलं. मांडीएवढी जाड फांदी, आणि तिच्यावर मुळं रोवून बसलेली आमर, म्हणजे झाडावर वाढणारं ऑर्किड. तिला तीन फुलं होती, करंगळीच्या नखाएवढी.

मॅडम मातीत गुडघ्यांवर बसल्या. "चार वर्षं," त्या म्हणाल्या. "चार वर्षं मी हिची फक्त पानं बघतेय. ही वरच्या फांदीवर फुलते." आमरीची जात पानावरून ठरत नाही, फुलाच्या ओठावरून, म्हणजे पुढे आलेल्या खालच्या पाकळीवरून ठरते, हे त्यांनी मला तिथेच सांगितलं. त्यांचा हात नकळत फुलाकडे गेला.

"बाई," बुधाबाबा म्हणाले. एवढंच.

मॅडमनी हात मागे घेतला. राईतलं वाळकं पानही कोणी बाहेर नेत नाही. पडलेली फांदी पडली तिथेच कुजते. म्हणजे फूल वहीत दाबून नेता येणार नव्हतं. मॅडमकडे पुरावा असणार होता तो फक्त माझ्या फोटोचा, आणि उद्यापर्यंत ही फुलं मान टाकणार होती.

"किती उरलेत?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

मी पोटावर आडवी झाले. कोपरं जमिनीला टेकवली. रोवली नाहीत, टेकवली. इतक्या जवळून आकडा दोनवर ठेवला तर फुलाचा ओठ स्पष्ट आणि पाकळी धूसर. चार केला तर सगळं फूल येईल, पण उजेड कमी पडतो, आणि मग हात जरा हलला की संपलं. मी चार ठेवला. उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई वर यायला तयार नव्हती.

"उजेड पाहिजे," मी म्हणाले. कोणाला उद्देशून म्हणाले नव्हते.

बुधाबाबांनी खांद्यावरचं पांढरं उपरणं काढलं, दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि पानांतून येणाऱ्या एका कवडशाखाली नेलं. फूल उजळलं. सुई वर आली.

"बाबा, हे चालतं?" मॅडमनी हळूच विचारलं.

"दिवा कुटं लावलाय? हाय त्योच उजेड वळिवला."

रिंगने फोकस करण्यात अर्थ नव्हता. मी श्वास सोडला, अंग केसाएवढं पुढे नेलं, ओठावरची लव स्पष्ट झाली त्या क्षणी बटण दाबलं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. अकरा वेळा. झेनिटचा आरसा दार आपटल्यासारखा वाजतो. प्रत्येक आवाजाला बुधाबाबा मोजत होते. शेवटी म्हणाले, "अकरा झाले. आता उपरणं खाली घिऊ का? हात भरून आलं."

रोल नारायणगावच्या कलर लॅबमध्ये दिला. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

अकरापैकी सात हललेले होते. चार आले. त्यातल्या एकात फुलाच्या ओठावरचे जांभळे ठिपके मोजता येत होते. मॅडमनी भिंग लावून ते मोजले, पुन्हा मोजले, आणि तो फोटो वहीत ठेवून वही छातीशी धरली. मग उरलेल्या प्रिंट्स चाळत म्हणाल्या, "शेवाळाचेही ठेवू. झाडांचे मात्र तुला पुन्हा काढावे लागतील."

"मला?"

"मग कोणाला? पुण्याचा माणूस राईत पोटावर झोपणार आहे का?"

हिरड्याशेजारचा तो एक फोटो मी बुधाबाबांना नेऊन दिला. त्यात हिरवं धुकं होतं आणि मधे एक पांढरी उभी रेघ. त्यांनी तो हात लांब करून धरला, मान मागे नेली.

"ह्यो मी?"

"हो."

"लई बेस. म्हातारा दिसत न्हाई."

पुढच्या आठवड्यात मी जुन्नरला गेले. ज्युपिटर टॉवेलवर ठेवली आणि काळी हेलिओस उचलली. दोन्ही हातांनी रिंग फिरवली. मेच्या उन्हात ग्रीस जरा सैल झालं होतं. लेन्स कॅमेऱ्यावर लावली. दुकानात तेवढीच गर्दी होती.

"शेठ, जरा दारात उभे राहता?"

"फोटो काढताय?" शेठनी खिशातून कंगवा काढला.

"नाही, टेस्ट करतेय."

तरी त्यांनी भांग पाडला. मी कॅमेरा थेट त्यांच्यावर रोखला. आधी त्यांच्या मिशा स्पष्ट झाल्या. रिंग शेवटपर्यंत फिरवली, तशी त्यांच्या खांद्यावरून शिवनेरीचा कडा लख्ख दिसला.

जुनी लेन्स घेणाऱ्यांना मी तेव्हापासून एकच सांगते. काउंटरवर काच बघा, पण लेन्स दुकानाबाहेर येऊन ठरवा. माणसांवर कॅमेरा रोखायची लाज वाटत असेल तर डोंगराकडे बघा. डोंगर काही विचारत नाही.