नलूचं घडीचं स्टूल

नलू गेल्याची बातमी मला चांगुणाबाईकडून कळली. नलूला हे आवडलं असतं. मी आठ दिवसांसाठी पुण्याला लेकीकडे गेले होते. सकाळचा चहा गाळत होते आणि फोन वाजला. चांगुणाबाई म्हणजे नवीन पनवेलमध्ये आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर, सुकापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला मासे विकायला बसणारी बाई. तिचा फोन आला की आज हलवा ताजा आहे, ठेवू का, एवढंच असायचं. त्या दिवशी मात्र आधी मागचे रिक्षांचे हॉर्नच ऐकू आले. मग म्हणाली, "पोस्टवाल्या बाई, आपली ताई नाय रायली." रात्री झोपली ती उठलीच नाही. दूधवाल्याने तीनतीनदा बेल वाजवली आणि शेवटी शेजाऱ्यांना हाका मारल्या. खाली उतरल्यावर त्यानेच चांगुणाबाईला सांगितलं. मी दुपारी पोचले तेव्हा चांगुणाबाई आमच्या जिन्याच्या पायरीवर बसलेली होती. त्या दिवशी तिने बर्फाची पेटी उघडलीच नव्हती.

नलू आणि मी समोरासमोरच्या दारांत वीस-बावीस वर्षं राहिलो. मी पोस्टातली, ती बायकांच्या एका प्रशिक्षण केंद्रात शिवणकाम शिकवणारी. ऐन तिशीत नवरा गेला तेव्हा पदरात चार वर्षांचा मुलगा होता आणि घरात एक पायमशीन. त्या मशीनवर तिने परकर शिवले, ब्लाउज शिवले, शाळांचे गणवेश शिवले, मुलाला इंजिनियर केलं. निवृत्त झाल्यावरही गळ्यातली मापाची टेप सुटली नव्हती, भाजी आणायलासुद्धा ती टेप घालूनच जायची. स्वभाव म्हणाल तर तापट. चूक कबूल करणं तिला औषध घेण्याइतकंच जड जाई, आणि औषध तर ती कधीच वेळेवर घेत नसे. पण एखाद्याचं दुःख दिसलं की तिचा पाय घरात ठरायचा नाही. या दोन्ही गोष्टी एकाच बाईत असल्या की काय होतं, तेच मला सांगायचं आहे.

खाडीकाठचं एक गाव प्रकल्पासाठी उठलं आणि तिथली घरं आमच्या बाजूला नव्या प्लॉटवर आली. घरं आली, पण खाडी थोडीच बरोबर येणार? ओहोटी लागली की चिखलात उतरून चिंबोऱ्या आणि निवट्या पकडणाऱ्या, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणाऱ्या बायका आता नव्या सिमेंटच्या ओट्यावर हात मांडीत घेऊन बसलेल्या दिसायच्या. नलूला ते बघवेना. तिने आम्हा सात-आठ निवृत्त बायकांना आपल्या हॉलमध्ये बोलावलं, चहा दिला आणि पेन्शनमधलं थोडं थोडं बाजूला काढायचं ठरवून टाकलं. संस्था नाही, नाव नाही, अध्यक्ष नाही. मदत कशाची करायची यावर चर्चासुद्धा झाली नाही. प्रत्येकीला एक शिलाई मशीन! ज्या मशीनने तिला तारलं ते दुसरीला का तारणार नाही, असा तिचा साधा हिशेब. आणि त्या खोलीत आम्ही ज्या बसलो होतो, त्यांत माझ्याशिवाय मासे खाणारी कोणी नव्हती.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. नलू पक्की शाकाहारी. मासळी बाजारावरून जाताना तिचा पदर नाकाला लागायचा तो वळण ओलांडल्यावरच खाली यायचा. मासे विकणं हा एक हुनर आहे, त्यात नजर लागते, तोंड लागतं, बर्फ किती आणि कधी घालायचा याची अक्कल लागते, हे तिच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. माझ्या मात्र आलं होतं. मी याच बायकांकडून वर्षानुवर्षं बोंबील घेतले होते. यांना सुई-दोरा नको, बर्फाची पेटी हवी, हे मला त्या हॉलमध्ये बसल्या बसल्या दिसत होतं. पण नलूपुढे तोंड उघडायचं म्हणजे... मी चहाचा दुसरा कप घेतला आणि गप्प राहिले. आज ती नाही, म्हणून सांगायला लाज वाटत नाही. खरं तर वाटते.

मशीनं वाटली. तीन महिने नलूने स्वतः जाऊन काजं-बटणं शिकवली. पावसाळ्यानंतर आम्ही पाहणीला गेलो, तर एका घरात मशीनवर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर टीव्ही. दुसऱ्या घरात मशीनवर देव बसवले होते. तिथे तर नलू नमस्कार करून बाहेर आली. तिसरं घर चांगुणाबाईचं. तिथे मशीन नव्हतंच. विकलं, असं तिने सरळ सांगितलं, आणि काही पुढे सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात नलूचा तोल गेला. ओट्यावर दहा-बारा बायका जमल्या होत्या. त्यांच्यासमोर नलू म्हणाली, "तुला दिलं हीच माझी चूक झाली." उचलली जीभ लावली टाळ्याला. चांगुणाबाई पन्नाशीची बाई, सुना-नातवंडांची. तिने मान खाली घातली नाही. आत गेली आणि दार लावून घेतलं. परतताना रिक्षात नलू सारखी फसवणूक, फसवणूक म्हणत होती. मी तेव्हाही गप्पच होते.

पुढे महिन्याभराने असेल, आम्ही दोघी सुकापूरच्या रस्त्याने येत होतो. कोपऱ्यावर चांगुणाबाई बसलेली. समोर पाटीत मांदेली, शेजारी थर्माकोलची एक तुटकी पेटी, आणि भोवती गिऱ्हाइकं. खारघरहून कोणी मोटारीतून मुद्दाम आलं होतं. मशीन विकून तिने ती पेटी घेतली होती, पहाटे बाजारात जाऊन माल उचलायची सोय केली होती, आणि सेक्टरांचे जिने चढून घरोघर विकता विकता इथवर येऊन पोचली होती. नलू रस्त्याच्या पलीकडे थांबली. पदर नाकाला होताच. बराच वेळ बघत राहिली. घरी आल्यावर मला म्हणाली, "वसू, तू मासे खातेस. तुला ठाऊक होतं ना?" मी हो म्हटलं. ती आपल्या दारातून आत गेली, आणि तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती माफी मागायला एकटीच गेली. चांगुणाबाईने बघितलं आणि गिऱ्हाइकाशी बोलत राहिली. नलू दोन तास उभी राहून परत आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पाय सुजले, घरात कण्हत होती, पण हट्टाला पेटली की नलू कोणाचं ऐकायची नाही. माळ्यावरून तिने एक जुनं घडीचं स्टूल काढलं. लोखंडी पाय धड होते, वरचं कापड फाटलेलं. जाड निळं ताडपत्रीसारखं कापड आणून तिने ते मशीनवर दुहेरी टीप मारून शिवलं, आणि चौथ्या दिवशी ते स्टूल घेऊन चांगुणाबाईच्या शेजारी जाऊन बसली. त्या दिवशी मी बरोबर गेले होते, जरा लांब भाजीवाल्यापाशी उभी होते. ऊन वर आलं, गिऱ्हाईक पांगलं. चांगुणाबाईने सुरी धुतली, फडक्याला पुसली आणि पहिल्यांदा नलूकडे वळली.

"ताई," ती म्हणाली, "आदी नाकावरचा पदर काडा. मंग बोलू."

नलूने पदर काढला. तिच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला लांबूनही कळत होतं. डोळ्यांत पाणी आलं, ते वासाने की कशाने, हे मी तिला कधी विचारलं नाही. त्या दोघी दुपारपर्यंत बोलत बसल्या. मशीन का विकलं ते चांगुणाबाईने सांगितलं, त्यात न कळण्यासारखं काहीच नव्हतं. "तुमी दिलंत, पन आमाला काय येतं ते इचारलं नाय," एवढंच तिचं म्हणणं होतं. मग तिनेच एकेकीचं सांगितलं. कोणाच्या तांदळाच्या भाकरीला धाब्यावरून मागणी येईल, कोणाच्या हातचा मसाला साऱ्या गावात नावाजलेला होता, कोणाला जाळी विणता येते पण आता ती कोणासाठी विणायची. पुढच्या वर्षभरात आम्ही जी काही मदत केली ती त्या एका दुपारच्या बोलण्यावर केली. मोठी भट्टी, मसाला कांडायचं यंत्र, चांगुणाबाईला बर्फाची धड पेटी आणि डोक्यावर ताडपत्री. देव बसवलेलं मशीन मात्र नलूने परत मागितलं नाही. म्हणाली, राहू दे, तिथे तरी ते उपयोगाला आलंय.

तेव्हापासून नलूची एक रीत झाली. नवं कुटुंब आलं, कुठून उठून आलेलं असो, की आधी एक अख्खा दिवस त्यांच्या घरी जाऊन बसायचं. पाहुणी म्हणून नाही, नुसतं बसायचं. जेवणाचा डबा आपला. दुपारचं जेवण होईपर्यंत एकही प्रश्न विचारायचा नाही, फक्त घरातल्यांचे हात काय करतात ते बघायचं. भाड्याच्या खोलीत नव्याने आलेल्यांकडे खुर्ची नसते. बाहेरची कोणी आली की घरची बाई ओशाळून शेजारी खुर्ची मागायला पळते. ते नलूच्या लगेच लक्षात आलं होतं. म्हणून दारातच ती काखेतलं स्टूल दाखवायची आणि म्हणायची, "धावू नका, माझं बसायचं मी आणलंय." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ती म्हणायच्या आधी मी मनात म्हणायचे. आम्हा बाकीच्यांना या रीतीचा वैताग यायचा. एक फोन केला असता तर काम झालं असतं, असं मीही दोनतीनदा बोलून दाखवलं. नलू म्हणायची, फोनवर माणूस जे आपल्याला आवडेल तेच मागतो.

आणि दर गुरुवारी ती चांगुणाबाईकडे. गुरुवारी मासे फारसं कोणी घेत नाही, त्यामुळे चांगुणाबाईला सवड. अकराच्या सुमारास नलू स्टूल मांडायची, आणि दोघींच्या सुनांपासून सांध्यांपर्यंत गप्पा चालायच्या. मासा तिने कधी तोंडाला लावला नाही, पण कल्ला उघडून ताजा-शिळा ओळखायला शिकली. एकदा एका गिऱ्हाइकाला तिने स्वतःहून सांगितलं, बांगडा घेऊ नका, कालचा आहे. चांगुणाबाईने कपाळाला हात लावला. वरून त्या गिऱ्हाइकाने विचारलं, तुम्ही बांगडा कसा करता? नलू म्हणाली, मी खात नाही. तो माणूस पुन्हा कधी दिसला नाही म्हणे. चांगुणाबाई हे अजून सांगते, सांगताना हसते, आणि मग पदराने डोळे पुसते.

नलूचं दिवसकार्य उरकल्यावर तिचा मुलगा घर आवरत होता. मोठा गुणी मुलगा. गॅलरीतून ते स्टूल घेऊन माझ्या दारात आला आणि जरा संकोचाने म्हणाला, "मावशी, याला माशांचा वास येतोय. आईकडे हे कसं? टाकून देऊ का?" मी ते त्याच्या हातातून घेतलं. निळं कापड नाकापाशी धरलं. धुवून धुवून विटलेलं, तरी वास होताच... आणि मला रडू आलं. तोवर आलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात आम्ही उरलेल्या बायका जमलो. नलूने एक नाव काढून ठेवलं होतं. दरड कोसळल्यावर डोंगरावरची वाडी सोडून आलेलं कुटुंब, सुकापूरला एका खोलीत राहतं. घरच्या बाईचं नाव यमुना. मी पुण्याहून आले की दोघींनी जायचं, असं ठरलं होतं. आता सगळ्यांचं म्हणणं पडलं, फोन करून विचारू या, नाहीतर थोडे पैसे पाठवून देऊ या, नलूसारखं दिवसदिवस बसणं आपल्याला कुठलं जमायला? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझे गुडघे त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. हो म्हणणं अगदी सोपं होतं. त्या हॉलमधला चहाचा दुसरा कप मला आठवला, आणि या वेळी मी गप्प बसले नाही. मी जाते म्हटलं.

काल गेले. एका हातात डबा, काखेत स्टूल. दोन मजले चढून दार वाजवलं. यमुनाने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, मागे रिकाम्या खोलीकडे बघितलं, आणि चप्पलही न घालता शेजारच्या दाराकडे धावली.

"अगं, धावू नकोस," मी म्हटलं. "माझं बसायचं मी आणलंय."

भिंतीशी स्टूल उघडलं. नलूच्या उंचीचं ते, मला बुटकं होतं. गुडघे वर आले, कळ आली. यमुनाने माझ्याकडे एकदा बघितलं, मग सुपात तांदूळ घेतले आणि निवडायला बसली. जेवणाला अजून दोन तास होते. मी तिचे हात बघत बसले.