रुख्माबाईनं घेतलेलं नाव

रुख्माबाईचं माहेर कामठ्याचं. लग्न होऊन ती सौंदडच्या पुढच्या एका खेड्यात आली, तेव्हा सासूनं पहिल्याच दिवशी कोणाकोणाचं नाव तोंडातून काढायचं नाही ते तिला बजावून ठेवलं. नवऱ्याचं नाही, भासऱ्याचं म्हणजे थोरल्या दिराचं नाही, आणि सासऱ्याचं तर मुळीच नाही. सासऱ्याचं नाव सेवकराम. मग त्या नावाचा दुसरा कोणी माणूस असला तर त्याचंही नाव घ्यायचं नाही, हे ओघानं आलंच. रेशनच्या दुकानात सासऱ्याचं नाव विचारलं की रुख्माबाई शेजारच्या बाईला कोपरानं ढोसायची, "तू सांग वं." शेजारीण सांगायची आणि दुकानदार लिहून घ्यायचा. त्यात कोणाला नवल वाटत नसे. तिच्या वयाच्या सगळ्याच बाया तशा होत्या.

गावात दुसरा एक सेवकराम होता, मोठ्या विहिरीच्या घरचा. धानाची जमीन भरपूर, आवाज मोठा, माणसंही पाठीशी भरपूर. रुख्माबाई त्याला आयुष्यभर 'विहीरवाला' म्हणत आली.

ती स्वतः धानाच्या रोवणीला जाणाऱ्या बायांची पुढारीण होती. जीभ तिखट, पण मन साफ. सोमवार धरायची, महादेवाला पाणी घातल्याशिवाय तोंडात घास घालायची नाही. बायांमध्ये कुरबुर झाली, तर दोन्ही बाजूच्या बाया 'रुख्माबाईले इचारा' म्हणायच्या. ती आपल्या भाच्याच्या विरुद्धही बोललेली होती, त्यामुळे तिचा शब्द चालायचा. एका फाटक्या लुगड्याच्या बाईजवळ यापेक्षा जास्त काय असतं? तेवढंच होतं, आणि तेच पुढे हातचं गेलं.

त्या वर्षी पावसानं मध्येच ओढ दिली होती. कालव्याचं पाणी पाळीनं मिळत होतं. पाळी कलाबाईच्या घरची होती. कलाबाई बौद्ध वस्तीतली, नवरा नसलेली, थोडीशी जमीन ठेक्यानं करणारी. तिचा मुलगा बुद्धभूषण सकाळीच बांधीवर, धानाच्या तुकड्यात, पाणी घ्यायला गेला. रुख्माबाई शेजारच्या बांधीत एकटीच वाकून पऱ्हे, धानाची रोपं, काढत होती, बाकीच्या बाया अजून यायच्या होत्या. तिनं आरडाओरडा ऐकला आणि मान वर केली. विहीरवाला धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, उभा होता. वरच्या बांधीचा मालक आधी, मग खालच्याचा, असं तो ओरडत होता. बुद्धभूषण पाठ फिरवून पाण्याची वाट मोकळी करायला वाकला, आणि विहीरवाल्यानं हातातलं फावडं त्याच्या डोक्यात घातलं.

गोंदियाला नेता नेता पोरगा वाटेतच गेला.

रुख्माबाईचं काय चुकलं म्हणायचं? ती लपली नाही. त्याच दिवशी, चिखलाच्या पायांनी, आपल्या मुलाला, मुन्नाला, बरोबर घेऊन ती पोलीस ठाण्यात गेली आणि पाहिलं ते सगळं सांगितलं. हवालदारानं विचारलं, मारणाऱ्याचं नाव काय? ती म्हणाली, थो विहीरवाला, मोठ्या विहिरीच्या घरचा. हवालदार म्हणाला, नाव पाहिजे. तिनं सवयीप्रमाणे मुन्नाला कोपरानं ढोसलं. मुन्ना म्हणाला, "सेवकराम." हवालदारानं लिहून घेतलं, की रुख्माबाईच्या म्हणण्याप्रमाणे सेवकराम यानं फावड्यानं मारलं. रेशनच्या दुकानात व्हायचं तसंच झालं. कोणालाच त्यात काही चुकलेलं दिसलं नाही.

खटला उभा राहीपर्यंत वर्षं गेली. विहीरवाला जामिनावर सुटून गावातच फिरत होता. त्याची माणसं रुख्माबाईच्या दारी येऊन गेली. आधी गोड बोलली, मग सरळ म्हणाली, थे काय आपले लोकं आहेत, तू कायले मधात पडून राहिली? तिचा नवरा बकाराम मान खाली घालून बसला होता. रुख्माबाई म्हणाली, "आपल्या लोकायनं मारलं म्हनूनच त बोलतो मी." माणसं गेली, पण त्यानंतर मोठ्या विहिरीकडच्या शेतात तिच्या बायांना कामाला बोलावणं बंद झालं.

कलाबाईचा मात्र सगळा भार तिच्यावर होता. पाहणारी तेवढी एकच. फावडं पोलिसांना सापडलं होतं, पण धुतलेलं, त्यावर काही मिळालं नाही. दर तारखेला दोघी मिळून गोंदियाला जायच्या, कोर्टाच्या व्हरांड्यात डबा सोडून एकमेकींच्या भाकरीवर भाजी ठेवायच्या आणि पुढची तारीख घेऊन परत यायच्या.

शेवटी साक्षीचा दिवस आला. सरकारी वकील हातात फायलींचा गठ्ठा घेऊन घाईत आले. विचारलं तेवढंच बोला बाई, असं सांगून आत गेले. नावाचं काही त्यांनी विचारलं नाही, म्हणून तिनंही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

पिंजऱ्यात उभं करून तिला शपथ दिली. देवाला स्मरून खरं सांगेन, हे तिनं डोळे मिटून म्हटलं. इतरांसाठी तो रोजचा पाठ असेल, तिच्यासाठी नव्हता. मग जे पाहिलं ते तिनं सांगितलं. मारणारा कोण, म्हटल्यावर आरोपीकडे बोट केलं, थो उभा आहे थो. जजसाहेबांनी नाव विचारलं तेव्हा ती लाजून म्हणाली की त्याचं नाव आमी घेत नाही, माह्या सासऱ्याचं नाव आहे थे. दोघेतिघे हसले. जजसाहेबांनी आरोपीला ओळखलं असं लिहून घेतलं. मागच्या बाकावर कलाबाईनं सुटकेचा श्वास सोडला.

मग आरोपीचे वकील उठले. गुलाबचंद त्यांचं नाव, गोंदियातले जुने वकील. रुख्माबाईला वाटलं होतं हे अंगावर येतील. पण ते अगदी नरम बोलले.

"अम्मा, सासऱ्याचं नाव घेत नाही, ही चांगली गोष्ट आहे. आजकाल कोण पाळतं?"

"आमी पाळतो, साहेब."

"जन्मात कधी घेतलं नाही?"

"नाई."

"पोलीस ठाण्यातही नाही?"

"नाई घेतली जी. देवाची शपथ घेतली मी इथं, खोटं कायले बोलू?"

वकिलांनी कागद उचलला. पोलिसांनी तिच्या तोंडी लिहिलेला जबाब. त्यात सेवकराम हे नाव लिहिलं आहे, ते तुम्ही सांगितलेलं नाही, बरोबर? ती म्हणाली, बरोबर. मुन्नानं सांगितलं. मुन्ना तेव्हा बांधीवर होता का? नव्हता, घरी होता. म्हणजे त्यानं कोणाला मारताना पाहिलं नाही? नाही पाहिलं. आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मुन्नाचं आणि आरोपीच्या पुतण्याचं चांगलंच वाजलं होतं ना? वाजलं होतं. ती पुढे सांगू लागली, की मी विहीरवाला म्हटलं म्हणून मुन्नानं नाव सांगितलं. वकील म्हणाले, अम्मा, विचारलं तेवढंच. जबाबात 'विहीरवाला' कुठंच नव्हतं. हवालदारानं ते लिहिलंच नव्हतं.

टंकलेखकाच्या बोटांखाली तिची साक्ष तयार होत होती. 'मी पोलिसांना आरोपीचे नाव सांगितले नाही. नाव माझ्या मुलाने सांगितले. माझा मुलगा घटनेच्या वेळी हजर नव्हता. त्याचे आरोपीच्या कुटुंबाशी भांडण झाले होते.' एकेक वाक्य खरं होतं. सगळं मिळून जे झालं ते मात्र धादांत खोटं होतं, आणि हे तिला उभ्या उभ्या कळत होतं. पण खऱ्याला नाही कसं म्हणायचं, तेही देवाला साक्षी ठेवून?

सरकारी वकील गडबडून उठले. त्यांना फेरतपासणीत एकच प्रश्न विचारायचा होता. ते म्हणाले, बाई, तुम्ही ज्याला मारताना पाहिलं त्याचं नाव कोर्टाला सांगा. तोंडानं सांगा. नाव घ्या.

रुख्माबाईनं कलाबाईकडे पाहिलं. कलाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. जजसाहेब वाट पाहत होते. तिला कधीच वारलेला सासरा आठवला, दमा लागलेला, तरी तिच्यासाठी जांभळं झाडून आणणारा. तिनं मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

"सेवकराम," ती म्हणाली. "सेवकरामनं मारलं बुद्धभूषणले. माह्या डोऱ्यानं पाह्यली मी."

तिला वाटलं, आता झालं. एवढं मोठं दिल्यावर देव रिकाम्या हातानं पाठवणार नाही.

गुलाबचंद वकिलांनी जजसाहेबांची परवानगी घेऊन आणखी दोनच प्रश्न विचारले.

"अम्मा, आत्ताच म्हणाल्या जन्मात हे नाव घेतलं नाही. मग आता कसं घेतलं? कोणी सांगितलं म्हणून?"

ती खरं तेच बोलली. सरकारी वकिलांकडे बोट करून म्हणाली, "या साहेबायनं घ्या म्हटलं."

"म्हणजे आज पहिल्यांदा, यांच्या सांगण्यावरून?"

"हो जी."

वकिलांनी तिला नमस्कार केला आणि खाली बसले.

घरी आल्यावर तिनं देवघरापाशी डोकं टेकलं आणि बराच वेळ उठली नाही. बकारामला सगळं कळलं होतं. आयुष्यात कधी समजूत न घालणारा तो माणूस म्हणाला की बुढा रागावणार नाही, मेलेल्या पोरासाठी घेतलं न नाव. त्या एका बोलण्यावर तिनं निकालापर्यंतचे दिवस काढले.

निकाल लागला तेव्हा धान कापून झालं होतं. निकालपत्रात काय आहे ते सरकारी वकिलांच्या कारकुनानं व्हरांड्यात समजावून सांगितलं. एकमेव साक्षीदारानं आरोपीचं नाव पोलिसांना सांगितलंच नव्हतं, कोर्टात ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेतलं, आधी काय म्हणाली नि मग काय म्हणाली त्याचा मेळ नाही, म्हणून अशा साक्षीवर विसंबता येत नाही. संशयाचा फायदा. आरोपी निर्दोष.

विहीरवाला पायऱ्या उतरून आला तेव्हा त्याच्या माणसांनी त्याला घेरलं होतं. रुख्माबाईजवळ येऊन तो थांबला.

"का वं, घे न नाव," तो म्हणाला. "आता त घेता येते न तुले."

त्याची माणसं खदखदून हसली. कोर्टाचा शिक्का लागलेला कागद म्हणत होता की ही बाई विश्वास ठेवण्यासारखी नाही. आता ती काय बोलणार होती?

कलाबाई बसस्टँडपर्यंत पुढे पुढे चालत राहिली. स्टँडवरच्या बाकाच्या एका टोकाला ती बसली, दुसऱ्या टोकाला रुख्माबाई. कलाबाई रस्त्याकडे पाहतच म्हणाली, "तू खोटी नाईस. थे मले मालूम आहे."

रुख्माबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पन ठाण्यात त्या दिवशी घेतलं असतं त? एकच शब्द होता, रुख्माबाई. आखरीले घेतलाच न तू."

"सासऱ्याचं नाव होतं, बाई. मेलेल्या मानसाचं."

"माहा पोरगा बी मेलाच होता," कलाबाई म्हणाली.

सौंदडकडची बस लागली. कलाबाईनं पिशवी उचलली आणि मागं न पाहता चढली. बसमध्ये जागा पुष्कळ होती. रुख्माबाई उठली, दारापर्यंत गेली, दांडीला हात लावला. कंडक्टर म्हणाला, चला बाई, चढायचं का? तिनं नकारार्थी मान हलवली आणि मागून येणाऱ्या गाडीसाठी परत बाकावर जाऊन बसली.