डबीतली ब्लेडं

नव्या ब्लेडला गोंद असतो, हे मला निवृत्त होऊन नातवंडं झाल्यावर कळलं. आता सांगताना हसू येतं, पण कळलं त्या दिवशी पारा चांगलाच चढला होता.

लग्नाआधी माझी दाढी छावणीतला न्हावी करायचा. लग्नात सासऱ्यांनी रेझर दिला. ते पाचोडचे, जावई शहरात कचेरीत आहे, त्यानं साहेबासारखी घरीच दाढी करावी, एवढी त्यांची हौस. रेझर माझा झाला, पण त्याची सगळी देखभाल पहिल्या दिवसापासून बायकोकडं गेली. आरशाखालच्या फळीवर तिनं एक चपटी स्टीलची डबी ठेवली होती. तिच्यात बिनकागदाची ब्लेडं असायची, तेलाचा हलका हात फिरवलेली. जुनं बोथट झालं की डबीतलं नवं उचलायचं, एवढंच मला ठाऊक. पाकीट दुकानातून मी आणायचो आणि तिच्या हातात द्यायचो. पाकिटातून डबीत जाईपर्यंत ब्लेडचं काय होतं, हा प्रश्नच कधी पडला नाही. जुनी ब्लेडं ती खिडकीच्या चौकटीतल्या फटीत खोचून ठेवायची, शिवण उसवायला.

ती दवाखान्यात गेली ती परत आली नाही. गारखेड्याच्या आमच्या दोन खोल्यांत मग एकेक गोष्ट बंद पडत गेली. लोणचं घालणं बंद झालं, संध्याकाळचा दिवा कधी लागायचा, कधी राहायचा. दाढी मात्र पूर्वीसारखी चालू होती. आरशासमोर उभं राहायचं, डबी उघडायची, ब्लेड घ्यायचं. घरात तेवढ्या एका जागी काही बदललं नव्हतं, म्हणून मी तिथं उगीच रेंगाळायचो. गालाला फेस लावून उभा असलो की वाटायचं, आता आतून हाक येईल, चहा निवतोय म्हणून. तिची इतकी आठवण मला दुसरीकडं कुठंच यायची नाही.

एका रविवारी डबी रिकामी निघाली. कपाटात पाकीट होतं, ते फोडलं. ब्लेड कागदाला चिकटून बसलेलं. ओढून काढलं तर पाठीवर गोंदाचे पिवळट ठिपके. तसंच रेझरमध्ये घातलं. ते एका अंगाला वर आलं आणि हनुवटीवर सरळ चीर पडली. तुरटी लावूनही रक्त थांबेना. डोक्यात राख घालून पाकीट घेतलं आणि छावणीतलं नेहमीचं दुकान गाठलं. असला खराब माल ठेवता कशाला, म्हणून दुकानदाराला चार शब्द सुनावले. त्यानं शांतपणे दुसऱ्या कंपनीचं ब्लेड उघडून दाखवलं. त्यालाही गोंद होता. मग तिसऱ्या कंपनीचं.

“चाचा, गोंद तो पहले से हैच,” तो म्हणाला. “सब में रहता.”

घरी आलो तर लेक जेवणाचा डबा घेऊन आलेली. हनुवटी बघून तिनं काय झालं विचारलं. मी ब्लेडच्या कंपन्यांचा उद्धार करत सगळं सांगितलं. तिनं डबा खाली ठेवला.

“बाबा, ते आई पुसायची. वातीचा कापूस घ्यायची, खोबरेल लावायची आन मधून कडंला पुसायची. धारेला बोट लागू द्यायची नाय. तुम्हाला माहीत नव्हतं?”

मी हातातलं पाकीट उलटंपालटं केलं. मग ती म्हणाली, “दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी सगळं पाकीट घेऊन बसली होती. मी म्हणलं राहू दे आता. तर म्हणली, मी येईस्तोवर पुरतील. त्यांना ते उमगायचं नाय, हनुवटी कापून घेतील.”

म्हणजे ती गेल्यावरही इतके दिवस मी तिच्याच हातच्या ब्लेडनं दाढी करत होतो. आणि ती ब्लेडं आज संपली होती. दवाखान्यातून तिचा देह घरी आणला तेव्हा मला रडू आलं नव्हतं. ते त्या दिवशी आलं, लेकीसमोर, हातातल्या पाकिटाकडं बघत.

लेकीनं देवघरातला कापूस आणला. ब्लेड कसं धरायचं, तेल किती घ्यायचं ते दाखवलं, आणि जाण्याआधी पाच-सहा ब्लेडं पुसून डबीत ठेवली. मी मान डोलावत होतो, पण माझं लक्ष खिडकीकडं होतं. सकाळीच रेझरमधून काढलेलं, डबीतलं शेवटचं ब्लेड मी तिच्याच सवयीनं त्या फटीत खोचलं होतं. लेक गेल्यावर ते हलकेच ओढून काढलं. टोकाला गंज धरू लागला होता. पाठीवरून अंगठा फिरवला. गोंदाचा मागमूस नव्हता.

पुढच्या रविवारी लेक सकाळीच आली. मी आरशासमोर होतो. रेझर गालावर अडखळत होता, त्याची खरखर तिलाही ऐकू गेली असणार. डबीतली सगळी ब्लेडं जशीच्या तशी बघून तिनं विचारलं, “नवं का नाही घेतलं?”

“असू दे,” मी म्हणालो. “हे अजून चालतंय.”