आतोबा आणि हुसेनमियाँची बिजली

चालीवरून माणसाचा स्वभाव ओळखणारे गल्लोगल्ली भेटतात. पण लंगडं घोडं दिसलं की त्याच्यामागं स्वतः तसंच लंगडत जाणारा माणूस उभ्या निजामी मुलखात एकच होता, आणि तो नेमका आमच्या आत्याच्या नशिबी आला. आतोबा परभणीच्या तहसील कचेरीत कारकून. रस्त्यात घोडं पाय ओढताना दिसलं की धोतराचा सोगा खोचून हे त्याच्या मागं, तसाच पाय ओढत, तशीच कंबर उचलत. मग आपल्याला कुठं दुखायला लागतं ते बघायचं. तिथंच घोड्याचं दुखणं. त्यामुळं कचेरीत सोमवारी डाव्या पायानं लंगडत येत, मंगळवारी उजव्या. तहसीलदारांनी दया येऊन आठ दिवसांची रजा दिली, तर हा गृहस्थ ती जिंतूरच्या बाजारात घोड्यांमागं लंगडण्यात घालवून आला. आत्या म्हणायची, "लोकांचे नवरे दमून घरी येतात, माझा लंगडत येतो. पोरीला बघायला आलेले पाहुणे याला बघून परत जायलेत."

एकदा टांगेवाल्या हुसेनमियाँच्या बिजलीचा मागचा उजवा पाय चिखलात मुरगळला. पायाच्या मधल्या सांध्याला गुडघा समजून साऱ्या गल्लीनं त्यावर हळदीचे लेप चढवले. पंधरा दिवसांत काडीचा उतार नाही. शेवटी डाग देणारा सळई तापवत बसला. त्यानंही भागलं नाही तर घोडी माळावर सोडून द्यायची असं ठरलं. आतोबा आले, तिच्यामागं दोन फेऱ्या लंगडले आणि मांडी धरून मटकन खाली बसले.

"अरे, तुमी लेप लावायलात ती तिची टाच हाय. गुडघा वर असतो, पोटाला लागून. त्याची आतली दोरी तुटलीय. डाग कसला देता? सहा महिने टांगा न्हाई, बस."

"सहा महिने लेकरांना काय खाऊ घालू, साहेब?" हुसेनमियाँ रडवेला झाला.

आतोबांनी आपली पांढरी घोडी, जिला ते आत्यालाही हात लावू देत नसत, सोडून त्याच्या टांग्याला जुंपली. पहिल्याच दिवशी तिनं जिंतूरचे उतारू थेट तहसील कचेरीच्या दारात नेऊन उभे केले, कारण तिला तेवढीच वाट ठाऊक. आत्यानं दोन दिवस अबोला धरला. आतोबांना तो बहुधा मानवला.

सहा महिन्यांनी बिजली चारही पायांवर नीट उभी राहिली. बघायला गल्ली लोटली, हुसेनमियाँनं पेढे वाटले. आमच्या डोळ्यांना तिची चाल अगदी साफ दिसत होती. आतोबा तिच्यामागं एक फेरी चालले, आणि वळताना त्यांचा उजवा पाय किंचित अडखळला. ते बराच वेळ तिची मान खाजवत राहिले.

"फिरंल, चरंल. पण वजन न्हाई ओढायची आता," ते म्हणाले. "हिला मी ठेवतो. माझी तू ने."

हुसेनमियाँनं त्यांचे पाय धरले.

पुढं आतोबा लेकीकडं पेडगावला जायचे ते बिजलीला घेऊनच, पण पायी. पुढं ते, मागं मोकळ्या पाठीची घोडी, वाटेतलं गवत ओरबाडत. लोक हसायचे. मीही एकदा विचारलं, "आतोबा, घोडी असून बसत का न्हाई?"

"बसल्यावर तिला कुठं दुखतं, ते मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "मग कसं बसू, तूच सांग."

त्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर पेडगावपर्यंत चालत गेलो.