फाटका डॉलर

दोह्याच्या सूक वाकिफ बाजारात नोटा बदलून देणाऱ्या त्या पांढऱ्या दाढीच्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. प्रत्येक नोट तो दिव्यासमोर धरून बघायचा. लेक-जावई मला कोस्टारिकाला नेणार होते, तसं त्याला सांगून शिवणकामाचे माझे रियाल देऊन मी डॉलर घेतले आणि न बघताच पर्समध्ये टाकले.

"बाय, काढ परत," तो रत्नागिरीकडच्या बोलीत म्हणाला. "एक फाटकी मुद्दाम दिलीय. तिकडे फाटकी कोण घेत नाय. डोंगरात नेट गेला की कार्ड पण चालत नाय, रोखच लागते. नको म्हणायला शिक."

"नको," मी पुटपुटले.

"शेजारच्या दुकानात ऐकू गेलं पायजे!"

मी ओरडले. गल्लीतली माणसं वळून बघू लागली.

"खलास! आता जा खुशाल."

तिकडे डोंगरातल्या फळवालीने सुटे म्हणून फाटका डॉलर दिला. "आई, राहू दे ना," लेक कुजबुजली. मी नोट उन्हात धरली आणि मोठ्याने म्हणाले, "नो!" फळवालीने हसत दुसरी दिली.

दोह्याला परतल्यावर ती कोरी नोट मी त्याच्यापुढे ठेवली. दिव्यासमोर धरून त्याने शेजारच्या दुकानदाराला हाक मारली, "बघ रे, माझ्या बायने आणलीय!"

ती नोट मी अजून बदललेली नाही.