प्यो गुरुजींची घसरगाडी

आमच्या डोंगरातल्या शाळेत गुरुजी टिकत नसत. कसाबसा एक हिवाळा काढायचे आणि बर्फ वितळला की बदली घेऊन खाली पळायचे. प्यो गुरुजी तर पार दक्षिणेकडच्या बेटावरचे, कोळ्याच्या घरातले. अंगानं भरदार, आणि शिकवता शिकवता हसवून लोळवायचे. पण भातखाचरं गोठली तसं त्यांचं हसूही गोठलं. बर्फावर पाऊल टाकलं की आडवेच! मग शाळा ते खोली, खोली ते शाळा. एकदा फळा पुसता पुसता म्हणाले, "वसंतात बदली मागतो रे." इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्हाला शाळा आवडायला लागली होती.

चांगगिल आमच्या सहावीतला सुतार. तो म्हणाला, "ज्याला बर्फावर मजा येत नाही, तो इथं राहील कशाला? गुरुजींसाठी घसरगाडी करू."

"बर्फ फुटेल ना!" मी म्हणाले.

"कुमसुन, अपशकुन करू नकोस. त्यांचं वजन काढून आण."

मी सरळ गुरुजींनाच विचारलं. गणितासाठी हवंय म्हटलं.

"माझं वजन हे गणित नाही गं बाई, संकट आहे," ते म्हणाले. पण सांगितलं.

गोठलेल्या खाचरांवर आम्ही पोरं ज्या घसरगाड्या हाणायचो, त्यांना खाली जाड तार पुरायची. गुरुजींच्या गाडीला मोडक्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव लोहाराकडून सरळ करून आणली. फळी चांगगिलच्या गोठ्याच्या दाराची. त्याच्या बापाला कळेपर्यंत आम्ही खिळे ठोकून मोकळे. ढकलायला दोन आखूड काठ्या, टोकाला खिळे.

एवढं देखणं काम थंडीत ठेववेना. चांगगिलच्या घरी चुलीची ऊब जमिनीखालून जाते. जिथं सगळ्यात गरम लागतं, तिथं आजी बसते आणि बापाचा भाताचा वाडगा गोधडीखाली ठेवतात. त्या मानाच्या जागी रात्रभर गाडी झोपवली आणि सकाळी गोधडीत गुंडाळूनच खाचरावर आणली.

सगळा गाव जमला. गुरुजी मांडी घालून बसले, काठ्या रोवल्या, जोर लावला. गाडी ढिम्म. गरम लोखंडानं बर्फ वितळवला होता आणि तो पुन्हा गोठून गाडी चिकटली होती.

"काय गुरुजी, मुळं फुटली का?" बांधावरून म्हातारे बांग काका ओरडले. गाव खो खो हसला. गुरुजी लालबुंद होऊन उठले आणि खोलीवर निघून गेले.

"माझी जागा फळकुटाला दिलीत," चांगगिलची आजी करवादली, "आणि वर हा तमाशा!"

चांगगिल रडवेला झाला. दुपारी आम्ही माफी मागायला गेलो, तर गुरुजी रताळी भाजत होते.

"चिकटली नसती तरी हलली नसती रे," ते म्हणाले. "पोट मधे येतं. काठ्या टेकतच नव्हत्या. आमच्याकडे होडी बसून नाही चालवत." त्यांनी झाडू उचलला, पाय फाकून ओसरीवर उभे राहिले आणि मागं पाणी कापावं तसा तो डावीकडं-उजवीकडं हलवू लागले. एवढं वजन, पण ओसरी पायाखाली डुलतेय असंच वाटलं.

चांगगिल झाडूकडं बघतच राहिला. रताळं हातात तसंच.

नवी गाडी लांब केली, उभं राहायची. आखूड काठ्या गेल्या. एकच लांब काठी, टोकाला जाड खिळा. या वेळी गाडी रात्रभर गोठ्याबाहेर थंडीत कुडकुडली.

गुरुजी चढले. डगमगले. मग त्यांनी काठी मागं रोवली, कंबर वळवली, आणि गाडी निघाली!

"ओगियोचा!" बेटावरच्या नावाड्यांची आरोळी आमच्या डोंगरात घुमली. या बांधापासून त्या बांधापर्यंत, वळून परत, पुन्हा! आम्ही गाड्या हाणत त्यांच्या मागं. बांग काका हुरूप येऊन बर्फावर धावले आणि सपशेल आपटले.

"काका, मुळं फुटली का?" गुरुजींनी जाता जाता विचारलंच. मला इतका आनंद झाला की मी किंचाळतच सुटले.

तो हिवाळा भुर्रकन संपला. खाचरांत पाणी दिसू लागलं आणि आम्हाला पुन्हा धाकधूक. चांगगिल आणि मी खोलीवर गेलो. गुरुजी खाली बसून गाडीखालच्या लोखंडी पट्ट्यांना तेल चोळत होते.

"गुरुजी, बदली..." मी दारातूनच विचारलं.

त्यांनी मानही वर केली नाही. "ते पोतं दे इकडं, गुंडाळायला. गंज चढला तर पुढच्या हिवाळ्यात काय तुझ्या पाठीवर उभा राहू?"