पोपची माणसं आणि अल मनखूलचा तिसरा मजला

मी चौथीपर्यंत शिकले. पण इंग्लंडच्या जुन्या राजांचं काही अडलं तर मला विचारा! इथे आखातात, अल मनखूलला, सामंत मॅडमच्या हॉलमध्ये हिस्ट्रीचा क्लास चालतो, आणि हॉल-किचनच्या मध्ये भिंत नाही. सहा वर्षं मी तिथे पोळ्या लाटतेय. कान काय झाकून ठेवू? किस्से एवढे साठलेत की एक काढायला गेलं की चार सांडतात.

एवढंच ध्यानात ठेवा. चौदाशे वर्षांपूर्वी तिथे छोटे छोटे राजे होते, आणि रोमचा पोप त्यांना आपल्या धर्मात ओढत होता.

*

एका राजाने ख्रिस्ताची पूजा सुरू केली, पण जुने देव काही सोडले नाहीत. एकाच देवळात दोघांची मांडामांड! पोरं फिदीफिदी हसायला लागली. मी लाटणं घेऊनच वळले. "आदित्य, पेपरच्या दिवशी तुझी आई आधी मंदिरात जाते, मग चर्चमध्ये मेणबत्ती लावते. ते काय असतं?"

"दॅट्स बॅकअप, मावशी."

"मग राजाने काय वेगळं केलं?"

*

दुसऱ्या एका राजाच्या घरी ईस्टर दोनदा यायचा. राजा आयर्लंडवाल्यांच्या पंचांगाने चालायचा, राणी रोमच्या. राजा मेजवानी झोडतोय आणि राणी उपाशी! मॅडम म्हणाल्या, "इमॅजिन करा." मला कशाला इमॅजिन करायला पाहिजे? श्रावणात मॅडमचा साबुदाणा आणि त्यांच्या नवऱ्याची, सरांची, सुरमई एकाच ओट्यावर मीच करते.

शेवटी राजाने सभा बोलावली. विचारलं, स्वर्गाच्या दाराची किल्ली कोणाकडे? दोन्ही बाजू म्हणाल्या, रोमवाल्यांच्या संत पीटरकडे. मग खलास! राजा म्हणाला, त्याच्याशी वाकडं नको.

"दॅट्स नॉट अ रीझन!" पोरं ओरडली.

मी म्हटलं, "आपल्या नातूरशी, त्या वॉचमनशी, एकदा भांडून बघा. पार्किंगचं रिमोट त्याच्याकडे, गच्चीची किल्ली त्याच्याकडे. दिवाळीचा पहिला डबा सरांच्या आधी त्याला जातो!"

*

एका पोपने तर कमाल केली. राजा ऐकेना, तर राणीला चांदीचा आरसा आणि हस्तिदंती कंगवा पाठवला. सोबत पत्र, नवऱ्याला वळवा!

त्या दिवशी ईशा मात्र हसली नाही. लांब अजमान गावाहून येते, क्लासमधली सगळ्यात हुशार. तिला कॉलेजात हिस्ट्रीच घ्यायची होती, आणि बाबांनी बिझनेसचा फॉर्म भरून ठेवलेला. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख.

"आईला गाठ," मी म्हटलं. "पोपलाही कळलं होतं घरात कोणाला धरायचं."

"आय ट्राइड, मावशी. आई म्हणते, बाबांना विचार."

"आधी आरसा-कंगवा द्यायचास की गं!"

*

त्याच दिवशी तिचे बाबा मरीना भागातल्या ऑफिसातून लवकर निघून आले, फॉर्मवर तिची सही घ्यायला. खालून गाडीतूनच फोन. "ईशाला पाठवा. मी वर येत नाही. मॅडम बोलण्यात गुंडाळतात."

मला असा राग आला! मॅडमना म्हटलं, "यल्ला, आपणच खाली जाऊ."

मे महिन्याचं ऊन, पार्किंगचं डांबर चपलेला चिकटत होतं. मी काचेवर टकटक केली. "अहो ईशाचे बाबा, काच खाली करा. माणसं आलीयेत, गाडीत बर्गर द्यायला कोणी आलेलं नाही!"

काच निम्मी खाली आली. मॅडमनी फॉर्मचं नावही काढलं नाही. म्हणाल्या, "पोपची माणसं पहिल्यांदा इंग्लंडात उतरली ना, तेव्हा तिथला राजा त्यांना घरात भेटायला तयार नव्हता. छपराखाली जादूटोणा करतील म्हणून उघड्यावर जाऊन बसला."

"शहाणा होता," बाबा म्हणाले.

"होताच. म्हणाला, बोलता छान, पण माझं जुनं मी एवढ्यात सोडणार नाही."

"करेक्ट!" काच पूर्ण खाली आली. "मग?"

"मग त्यांना राहायला घर दिलं. जेवायला घातलं."

"आणि मग?"

तो राजा शेवटी वळलाच, हे मला ऐकून ऐकून पाठ. मॅडमनी ओढणीने मान पुसली. "पुढचं वर सांगते. इथे फार ऊन आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या मागोमाग उतरलेली ईशा माझ्या पाठीशी उभी.

"चहा टाकते," मी म्हटलं.

बाबांनी फॉर्म बाजूच्या सीटवर ठेवला आणि गाडी बंद केली.